दोन कागदांची जागा

लवू मेस्त्री आणि मी घाटकोपरच्या भटवाडीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. मी मुलुंडच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवलं. लोखंडाचं काम. लवूचं लेथ लाकडाचं. तो गिरणीत सुतार होता; ती बंद पडल्यावर त्याने ते घरातच बसवलं आणि बुद्धिबळाच्या सोंगट्या कातायला घेतल्या.

बत्तीस सोंगट्यांतल्या अठ्ठावीस लेथवर होतात. चार घोडे हाताने कोरावे लागतात. लवू दिवसाला दोन घोडे करायचा. तिसरा कधी धरला नाही. तिसऱ्याचं नाक बिघडतं, म्हणायचा. मला हे पटायचं. दमलेल्या हाताने केलेलं काम दुसऱ्या दिवशी मोडावं लागतं.

रंग त्याची बायको विमलावहिनी द्यायची. दुपारी जेवण झालं की दोघं वाघ-बकरी खेळायची. पट लवूनेच केलेला. त्यावर पंचवीस घरं, चार वाघ, वीस बकऱ्या. बकऱ्या आधी एकेक करून पटावर मांडायच्या, सगळ्या मांडून झाल्या की मग हलवायच्या. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांनी मिळून वाघाला कोंडायचं. वहिनी कायम बकऱ्या घ्यायची.

"तुमका वाघ सांभाळूक कधी जमला?" ती म्हणायची.

"माझे वाघ म्हातारे झाले," लवू म्हणायचा.

भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. बहुतेक वेळा लवूच हरायचा.

साखरेने वहिनीचे डोळे गेले. आधी रंगकाम सुटलं, मग निवडणं-टिपणं, मग जिना. खेळ तेवढा राहिला होता. पण चाचपताना हात लागून सोंगट्या पडायच्या, डाव विस्कटायचा. एकदा तिने पट हाताने दूर सारला. लवू त्या दिवशी माझ्याकडे येऊन बसला.

"एवढा एक तिच्याकडे ऱ्हवला पायजे रे," तो म्हणाला.

मे महिन्यात त्याने नवा पट केला. सागाची फळी, रेघा बोटाला लागतील अशा खोल कोरलेल्या, प्रत्येक घराला एक भोक. सोंगट्यांना खाली खुंटी. वाघ शिसवीचे, डोक्याला खाच. बकऱ्या हेदाच्या लाकडाच्या, गुळगुळीत. बोट फिरवलं की कोण ते कळावं.

खुंट्या बसवायच्या दिवशी मी बारीक मापं घ्यायचं माझं व्हर्नियर घेऊन गेलो. लवूने खुंटी भोकात घातली. ती जराशी हलत होती.

"ढिली आहे," मी म्हटलं.

"दोन कागदांची जागा ठेवलंय. ह्या लाकूड आसा, राजाराम."

"वहिनीचा हात लागला की पुन्हा हलणार. मग केलंस कशाला एवढं? फिट म्हणजे फिट."

त्याने खुंटी भोकात पुन्हा हलवून बघितली. दारं-खिडक्या करताना हाच माणूस पावसाळ्याची जागा सोडून काम करायचा. पण माझ्या हातात माप होतं आणि चौतीस वर्षांचा ताठा होता. त्याने माझा मान ठेवला. वीसच्या वीस बकऱ्या नव्याने कातल्या, जाड खुंटीच्या. माप मी घेतलं. एकही हलत नव्हती. पट उलटा धरला तरी एक पडली नाही. आम्ही दोघं खूश होतो.

महिनाभर खेळ झकास चालला.

जुलैत वहिनी संथ खेळायला लागली. बकऱ्या मांडून होईपर्यंत डाव पहिल्यासारखा चालायचा. हलवायची वेळ आली की ती थांबायची.

"विचार करतंय. तुमी चाय ठेवा."

लवू चहा घेऊन यायचा तोवर बकरी सरकलेली असायची.

"एका डावाक चार चाय," लवू मला सांगायचा. "बिनसाखरेचो. वाघाक उपाशी मारूचो डाव आसा हिचो."

आम्ही हसलो होतो.

ऑगस्टमध्ये तिने खेळ बंद केला. डोकं दुखतं म्हणाली. लवूने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. ती दारात खुर्चीवर बसून राहायची, हात मांडीवर. साखरेने तिच्या बोटांतला जोरही गेला होता. हे आम्हाला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिने कधी सांगितलं नाही. दिवाळीच्या आधी ती गेली.

डिसेंबरमध्ये लवूने मला हाक मारली. पट पुढ्यात होता.

"उंदरांनी खाल्ल्यान काय बघ."

बकऱ्यांच्या डोक्यांवर बारीक खड्डे होते. तीन-चार बकऱ्यांवर जास्त. मी एक उचलून उजेडात धरली. उंदराचे दात जोडीने आणि जवळ-जवळ लागतात. हे रुंद होते. मधे एका दाताएवढी जागा कोरी होती. प्रत्येक बकरीवर तीच जागा कोरी.

वहिनीचा वरचा पुढचा एक दात पडलेला होता.

मी बकरी लवूच्या हातात दिली आणि बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवलं. त्याला सांगावं लागलं नाही. पावसाने लाकूड फुगलं होतं. खुंट्या आवळल्या होत्या. बोटांना निघत नव्हत्या म्हणून तिने त्याला चहाला उठवलं होतं, वाकून दाताने बकरी काढली होती, आणि पुढच्या घरात तळव्याने दाबून बसवली होती. मग तेही जमेनासं झालं.

"माप माझं होतं," मी म्हटलं.

त्यानंतर आठ दिवस भिंतीपलीकडून काचपेपर घासल्याचा आवाज येत होता. दिवसाला दोन किंवा तीन बकऱ्या. घाई नव्हती. डोक्यांना त्याने हात लावला नाही, खुंट्या तेवढ्या घासल्या. माप घ्यायला मला बोलावलं नाही.

या जुलैत, चार दिवस झड लागलेली असताना, त्याने बोलावलं. वीस बकऱ्या पटावर मांडलेल्या होत्या. लवूने उजव्या हाताच्या बोटांना पकड राहू नये इतकं जाड फडकं गुंडाळलं होतं. त्याने डोळे मिटले, चाचपत एक बकरी धरली आणि उचलली. निघाली. दुसरी निघाली. वीसच्या वीस त्याने तशाच काढल्या आणि तशाच परत बसवल्या. मी मोजत होतो.

मग त्याने फडकं सोडलं.

"दोन कागद," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला उठला.