प्रिस्काबायचे सोळा टूटू

वसईजवळच्या होळी गावात भाजीच्या वाड्यांच्या कडेकडेने आत गेलं की एक पिवळं घर लागतं आणि घराच्या आधी त्याच्या ओटीवरच्या शिलाई मशीनचा आवाज लागतो. मशीनवर बसलेली ही प्रिस्काबाय लोपीस. आसपासच्या गावांतल्या ज्या मुलींनी गेल्या एकेचाळीस वर्षांत पहिलं कम्युनियन, म्हणजे देवळातला पहिला ख्रिस्तप्रसाद, घेतलं, त्यांचा पांढरा फ्रॉक बहुधा याच ओटीवर शिवला गेला. बहुधा म्हणायचं कारण एवढंच, की विचारलं तर कुणी कबूल करत नाही.

आमच्याकडे रीतच आहे तशी. फ्रॉक शिवायचा होळीला आणि पाहुण्यांना सांगायचं, बांद्र्याहून आणला. काही आया तर बांद्र्याच्या कुठल्याशा दुकानाची पिशवी कपाटात घडी घालून जपून ठेवतात आणि फ्रॉक न्यायला येताना ती बरोबर घेऊन येतात. प्रिस्काबाय स्वतःच्या हाताने फ्रॉक त्या पिशवीत भरून द्यायची आणि हसायची. "फ्रॉकला काय फरक पडतो? तो थोडाच बोलणारे!"

फ्रॉकला पडत नसेल, प्रिस्काबायला थोडा पडत असावा. कम्युनियनच्या दिवशी देवळातली मिस्सा संपली की आभारप्रदर्शन होतं. फादर, शिकवणाऱ्या बाई, गायक मंडळ, फुलांची सजावट, मंडपवाला, साऊंडवाला. एका वर्षी जनरेटरवाल्याचेसुद्धा आभार मानले, आणि त्या दिवशी लाईट गेलीच नव्हती. समोर तीस मुली प्रिस्काबायच्या फ्रॉकमध्ये बसलेल्या, पण शिवणारीचं नाव कधी आलं नाही. एकदा घरी येताना ती नवऱ्याला म्हणाली, "एकदा तरी माईकवरून माझं नाव यावं हो."

रॉबर्ट केळीची वाडी करतो आणि मोजकंच बोलतो. म्हणाला, "जत्रेत हरवून जा. लगेच घेतील."

तर अशात सँड्रा आली. सँड्रा ही प्रिस्काबायची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला हिनेच तिला हातात धरलेलं, कम्युनियनचा फ्रॉकही हिनेच शिवलेला. मोठेपणी ती मुंबईला बॅले शिकली, मग काही वर्षं परदेशात राहिली, आणि तिशीत परत येऊन वसईत तिने बॅलेचा क्लास काढला. वार्षिक कार्यक्रमात सोळा मुली नाचणार होत्या आणि सोळा जणींना टूटू हवे होते.

"टूटू म्हणजे काय गं?"

"बॅलेचा घेरदार झगा, गॉडमदर. फ्रेंच शब्द. म्हणतात की तिकडे लहान बाळाच्या ढुंगणाला लाडाने जे म्हणतात, त्यावरून आला."

प्रिस्काबायने क्रूसाची खूण केली. "आणि हे मी शिवू?"

"तूच शिवायचं. आणि ऐक, स्टेजवरून तुझं नाव घेणार मी. सगळ्यांसमोर, स्पॉटलाईट टाकून."

"स्पॉटलाईट नको गं बाय. नुसतं नाव पुरे." असं म्हणताना मशीनचं चाक तिने उगाचच दोनदा फिरवलं.

पहिला टूटू पंधरा दिवसांत तयार झाला. सँड्राने तो क्लासमधल्या एका मुलीला घालून पाहिला आणि ती ओटीवरच खाली बसून हसली. प्रिस्काबायने जन्मभर देवळात घालायचे कपडे शिवले होते. देवळात गुडघे झाकलेले लागतात, म्हणून हिने टूटू गुडघ्याखाली नेला होता. शिवाय पोरगी वाढली तरी व्हावा म्हणून कमरेला चार बोटं माया सोडली होती, आणि वर छोट्या बाह्या लावल्या होत्या. ती मुलगी पाय वर करायला गेली तर घंटा वाजवल्यासारखी दिसली.

"अगं, दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये असाच होता!" सँड्रा डोळे पुसत म्हणाली. "पोटरीपर्यंत, पातळ, धुक्यासारखा. नाचणारी जमिनीला टेकतच नाही असं वाटावं म्हणून. मग लोकांना तिच्या पायांची करामत बघायची होती, म्हणून तो वर वर चढत गेला, आणि शेवटी कमरेभोवती ताटासारखा आडवाच झाला."

"आणि कुणी काही बोललं नाही?"

"बोलले ना. पण बघायचे कुणी थांबले नाहीत. त्या काळी स्टेजवर गॅसचे दिवे असायचे. झग्याला ज्योत लागून काही मुली भाजल्या, काही गेल्यासुद्धा. तरी तो झगा सोडायला त्या तयार नव्हत्या."

ज्या कपड्यासाठी बाई आगीशी खेळते तो शिवायचा म्हणजे थट्टा नाही, हे प्रिस्काबायला शिवणारी म्हणून पटलं. तिने सँड्राकडून तिचा परदेशातला जुना टूटू मागून घेतला आणि उसवायला बसली. उसवता उसवता तिने वहीत लिहून ठेवलं: नेटचे दहा थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा रुंद, मधल्या थरात तारेची कडी, आणि थरांना एकमेकांत अगदी सैल कच्चे टाके, म्हणजे घेर एकसंध राहतो पण हलायला मोकळा. टाका ओढून घेतला की झगा मेला. हे शेवटचं वाक्य तिने दोनदा अधोरेखित केलं होतं.

त्या वर्षी कम्युनियनचा सगळा हंगाम तिने सोडला. पूर्वी हाताखाली शिकलेल्या पॉलिनकडे गिऱ्हाइकं पाठवून दिली. भुलेश्वरहून कडक नेटचे तागे आले. टूटू उलटा टांगावा लागतो, नाहीतर घेर पडतो, म्हणून ओटीच्या तुळईला एकेक टूटू उलटा लटकू लागला. रॉबर्ट जाता-येता वाकायचा. "वटवाघळं पाळलीस होय?" म्हणायचा, पण केळीच्या चिकाचे हात धुतल्याशिवाय ओटीवर यायचा नाही. पाच महिन्यांत सोळा पुरे झाले. कच्चे टाके सगळे हाताचे. तिच्या उजव्या अंगठ्याला नेटने असं काही कापलं होतं, की मोबाईल तो अंगठा ओळखेना.

कार्यक्रम वसईच्या एका हॉलमध्ये होता. प्रिस्काबाय ठेवणीतली साडी नेसून तिसऱ्या रांगेत बसली. रॉबर्टने बूट घातले होते, यावरून प्रसंगाचा अंदाज यावा. पडदा उघडला. सोळा मुली एका पायावर उभ्या राहिल्या, गिरकी घेतली आणि थांबल्या. मुली थांबल्या, पण झगे थांबले नाहीत. सोळाच्या सोळा घेर क्षणभर थरथरत राहिले, मागून वाऱ्याची झुळूक गेल्यासारखे. सगळ्या हॉलने श्वास रोखला. माणसं दोनशे वर्षं या झग्याकडे का बघत राहिलीत, ते प्रिस्काबायला तिसऱ्या रांगेत बसून कळलं. आणि ते आपल्याच हातचं आहे, या विचाराने तिने पर्समधून रुमाल काढला.

मग सँड्रा माईकवर आली. प्रिस्काबायने पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि नाव आल्यावर उभं राहायचं की बसूनच हात जोडायचे, हे रॉबर्टला कुजबुजत विचारूनही घेतलं. सँड्राने पाहुण्यांचे आभार मानले. पालकांचे मानले. लाईटवाल्याचे मानले. मग म्हणाली, "आणि हे सुंदर टूटू! आपल्या मुलींसाठी हे खास इटलीहून मागवलेत."

टाळ्या फार जोरात पडल्या.

शेजारची बाई प्रिस्काबायकडे वळून म्हणाली, "बघा, इटलीचं काम कसं वेगळं कळतं. आपल्याकडे कुणाच्या बापाला जमायचं नाही."

रॉबर्ट उठायला लागला. प्रिस्काबायने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं, आणि टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते. न वाजवणारी एकटी दिसली असती.

कार्यक्रम संपल्यावर ती मागे गेली. सँड्रा फुलांचे गुच्छ सांभाळत उभी होती.

"सँड्रा, कधीपासून मी इटलीला राहते गं?"

"सॉरी गॉडमदर, रागावू नकोस ना." सँड्राने गुच्छ खाली ठेवले. "अगं, या पालकांना काहीतरी बाहेरचं सांगावं लागतं. होळीच्या ओटीवर शिवले म्हटलं असतं, तर निम्म्या जणी म्हणाल्या असत्या, मग क्लास तरी कशाला? तुला माहीत आहेत ना आपली माणसं. मम्मीनेसुद्धा माझा कम्युनियनचा फ्रॉक बांद्र्याचा म्हणून सांगितला होता. तूच पिशवीत घालून दिलास. तेव्हा तर तू हसली होतीस!"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते जास्त खोल गेलं.

"हसले होते," प्रिस्काबाय म्हणाली. "तुझ्या आईने मला काही कबूल केलं नव्हतं. मी मागितलंही नव्हतं. तू आपणहून म्हणालीस."

आणि ती निघाली.

महिनाभराने सँड्रा रिक्षात टूटू भरून ओटीशी आली. विरारला दुसरा कार्यक्रम ठरला होता, आणि मुलींनी बसता-उठता झग्यांचे हाल केले होते. चार तारा वाकल्या होत्या, कितीतरी टाके तुटले होते. प्रिस्काबाय कापड कापत होती. तिने कात्री थांबवली नाही.

"गॉडमदर, दोन दिवसांचं काम आहे. या वेळी नक्की नाव घेते. शपथ."

"आता कसं घेशील? लोक विचारतील, मग त्या दिवशी इटली कुठून आली? सगळ्यांत खोटी पडशील." कात्री चालूच होती. "म्हणजे आता गप्प मलाच बसायला लागणार. तुझ्यासाठी."

"मग हे टूटू?"

"इटलीला पाठव. ज्यांनी शिवले ते दुरुस्त करतील."

सँड्रा हसली. मग ही थट्टा नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचे डोळे भरले. प्रिस्काबायने मान वर केली नाही. रिक्षा गेल्यावर मात्र हातातलं कापड तिने पाहिलं, तर तिरकं कापलं गेलं होतं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी मिस्सेत एकमेकांना शांती द्यायची, म्हणजे हात जोडून राग-रुसवे सोडायची, वेळ आली. प्रिस्काबायने डावीकडच्या बाईला हात जोडले, उजवीकडे रॉबर्टला जोडले, पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसालासुद्धा जोडले. मागच्या बाकावर सँड्रा हात जोडून उभी होती. मंडळी आपापल्या जागी वळली, गाणं सुरू झालं, तरी तिचे हात तसेच होते. प्रिस्काबाय मागे वळली नाही.

घरी येताना रॉबर्ट म्हणाला, "पोरगी उभी होती गं."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"पुढच्या रविवारी बघू," प्रिस्काबाय म्हणाली.

हे तिने आजवर सहा वेळा म्हटलंय. रॉबर्टही दर रविवारी विचारतो. सँड्रा मात्र अजून त्याच बाकावर येऊन बसते.