कावेरीने उपसलेली बाव

पाहुणा येणार म्हटलं की कावेरीच्या अंगात येतं. आधी अंगण सारवायचं, मग भांडी घासायची, आणि वेळ उरला तर नवऱ्यालाही घासायचं, असं वाडीतले म्हणतात. मग प्रदूषण मंडळाच्या मॅडम आपल्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, पाणी तपासायला येणार हे कळल्यावर ती स्वस्थ बसते होय!

पाणी बिघडलं ते सड्यावरच्या, म्हणजे वाडीच्या वरच्या खडकाळ माळावरच्या, लष्करी डेपोमुळे. तिथली जुनी टाकी गळली आणि तेल जांभ्या दगडातून झिरपत बावीत उतरलं. मंडळाच्या हुकमाने डेपोवाले तेलकट माती उकरून नेत होते, आणि तोवर वाडीला टँकर येत होता. बाव उपसू नका, असं मात्र कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी कावेरीने नवऱ्याला, विश्रामला, कामाला जुंपलं. पंप लावला, दगड घासले, ब्लिचिंग पावडर टाकली. सकाळी पाणी कसं लख्ख!

संचिता मॅडमनी बाटल्या भरून सील केल्या. "पाणी छान दिसतंय. हा शेवटचा नमुना. चांगला आला की सफाई पूर्ण झाली असं लिहून देऊ. मग टँकरही लागणार नाही."

टँकर बंद होणार हे ऐकून कावेरी भानावर आली. घरात सून, नम्रता, पोटुशी. उद्या तेल पुन्हा झिरपलं तरी हेच पाणी ती पिणार, तिचं पोर पिणार. अगो बाई, हे काय करून बसलो आपण!

"गप रव गो," विश्राम कुजबुजला. "नमुनो बिघडवलो म्हणून खटलो भरतले आमच्यार."

त्याचंही खोटं नव्हतं. पण जीप सुरू झाली तशी ती धावलीच.

"मॅडम, थांबा! तां पाणी खरां नाय! काल आमी बाव उपसलव. तुमी येतलास म्हणान!"

मॅडमनी सील फोडून बाटल्या रस्त्याकडेला ओतल्या. "खटला वगैरे काही नाही. पण आता बावीतलं पानसुद्धा काढायचं नाही. मी पुन्हा येईन."

पुढचे दिवस कावेरीने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. उठली की बावीत डोकवायची. पाणी आपलं निवळशंख! दुसरी कोणी असती तर पेढे वाटले असते; हिचा जीव टांगणीला. तेल वर सड्याच्या मातीतच दडून बसलं असेल, आणि सगळे निघून गेल्यावर उतरलं तर? देवाकडे मागायचं तरी काय? तेल येऊ दे, असं कोण मागतं! शेवटी कुणकेश्वराच्या दिशेने हात जोडून तिने तेच मागितलं.

मॅडम आल्या तेव्हा कावेरीने स्वतः बालदी सोडली. वर आली ती निळसर तवंग घेऊन, रॉकेलचा वास मारत.

"इलां! तेल इलां!" ती ओरडली. विश्रामलाही हसू फुटलं.

"माती आणखी उकरावी लागेल," बाटली भरत मॅडम म्हणाल्या. "काम थांबणार नाही. टँकरही."

तेवढ्यात काय झालं ते बघायला नम्रता पोटाला हात धरून बाहेर आली. तिला बघून कावेरीचं हसू जागच्या जागी मावळलं. टँकर तर परवापरवा सुरू झाला. त्याआधी पोरगी हेच पाणी प्यायली होती, आणि कळशी भरून द्यायची ती कावेरीच.