बेल्ट माझ्या पिशवीत

मशीनचे दोन्ही बेल्ट माझ्या डब्याच्या पिशवीत होते आणि शेठचा फोन वाजत होता. शेवटी उचलला.

"मॅडम, गिऱ्हाइकाच्या मशीनचे बेल्ट काढून आणलेत तुम्ही?"

"हो."

"चोरी आहे ही!"

"मग पोलिसांना कळवा. त्यांनी हॉपर कापलंय, तेही सांगा."

कुंभिवलीतल्या शेठच्या वर्कशॉपमध्ये मी मशीन डिझाइन करते. हे मशीन कर्जतकडच्या एका फार्महाउसचं. बागेतल्या फांद्या, नारळाच्या झावळ्या यांचा खतासाठी चुरा करायचा, एवढंच त्याचं काम. झावळी ज्या पत्र्याच्या तोंडातून आत सारायची, ते हॉपर. ते मी हातापेक्षा लांब ठेवलं होतं. आतल्या ब्लेडपर्यंत हात पोचूच नये म्हणून.

त्याला कारण होतं. तिथे कामाला येणाऱ्या वाडीवरच्या बायका झावळी घालतात ती चुलीत लांब लाकूड सारावं तशी. टोक हातात धरून ढकलत राहायचं, शेवटपर्यंत सोडायचं नाही. भिसेगावात आमच्याकडे गॅस येईपर्यंत माझी आईही हेच करायची.

सर्व्हिसिंगला गेले, तर हॉपर निम्मंच. बायकांची तक्रार म्हणून मॅनेजरने गॅस कटरने कापून घेतलेलं. मशीनवर वाडीवरची जनी होती. मला बघून हसली.

"ताई, लई जोर हाय गं याला. परवा झावळीसंगं मीच आत जायची. निस्ती बांगडी फुटली."

ती हसत होती आणि माझं डोकं सणकलं. मेन स्विच बंद केला, पान्याने मोटर ढिली केली, मोटरवरून ब्लेड फिरवणारे बेल्ट उतरवले.

मॅनेजर धावत आला. "अहो, झावळी आधीच सोडा असा बोर्ड लावतो ना!"

"जन्माची सवय बोर्ड वाचून जाते होय? हॉपर जोडा, मग बेल्ट."

हे सगळं फोनवर ऐकून शेठ म्हणाले, "बेल्ट काय, खोपोलीतही मिळतात."

"घेऊ दे त्यांना. जनीचा हात गेला की डिझाइन कुणाचं म्हणून मलाच विचारतील. तेव्हा मी सगळं सांगणार, तुमचा हा फोनही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

शेठचा आवाज उतरला. मग म्हणाले, "हॉपर आणा इकडे. जोडून देऊ."

जोडण्याआधी मी जनीला विचारलं, लांब हॉपरचा त्रास काय होता? "तोंड उंच हाय. खांदं भरून येतात." तेही खरंच होतं. मग खालची मोटर बाजूला घेतली, अख्खं मशीन कमरेपर्यंत खाली आणलं. लांबी मात्र तसूभर कमी केली नाही.

जनी अजूनही झावळीचं टोक सोडत नाही. तिचा खांदा हॉपरच्या काठाला टेकतो, तरी ब्लेड लांबच राहतं. माणूस दमतो, विसरतो, हसण्यावारी नेतो. म्हणून काळजी लोखंडातच घालून ठेवायची.

हल्ली मी साइटवर निघाले की शेठ आधी माझ्या पिशवीकडे बघतात. पाना असतोच.