आईचे पाय आणि कढत पाणी

भोपाळ हे नाव त्या वर्षी आमच्या घरात रोज निघायचं, आणि ते निघालं की सगळे चोरून आईच्या पायांकडं बघायचे. ग्वाल्हेर संस्थान विलीन होऊन मध्य भारत झालं तेव्हा बाबांचं ऑफिस नुसती पाटी बदलून इंदरगंजातच राहिलं होतं. आता मध्य भारतही मोडून नवा मध्य प्रदेश होणार होता, राजधानी भोपाळला जाणार होती आणि राजधानीमागोमाग कारकुनांनाही जावं लागतं हे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना कळलं. गल्लीत पेट्या बांधल्या जात होत्या. आमच्या पेट्या मात्र माळ्यावरच होत्या, कारण आईला बरोबर न्यायचं की इथंच ठेवायचं हे ठरत नव्हतं.

ठेवायचं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. आमच्यापासून दोन घरं सोडून एक काकू राहायच्या. छातीचं दुखणं झालं तेव्हा "बरी झालीस की बोलावतो" म्हणून नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं होतं. त्या केव्हाच बऱ्या झाल्या, पण बोलावणं काही आलं नाही. बाबा तसे नव्हते. पण काकूंचा नवराही तसा नाही असंच सगळे म्हणायचे. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, आणि स्वभावानं तापट.

दुखण्याची सुरुवात डोळ्यापासून झाली होती. उन्हाळ्यात एका सकाळी डाळ निवडता निवडता आई म्हणाली की डाव्या डोळ्यापुढं धुकं आलंय, आणि डोळा फिरवला की आतून दुखतं. काही आठवड्यांत धुकं आपोआप गेलं. त्याचं श्रेय त्रिफळ्याच्या पाण्याला मिळालं. पावसाळ्यात पायांना मुंग्या आल्या. पायाखाली फरशी आहे की गादी, कळत नाही म्हणायची. एकदा टोपी बाजारातून ती एकाच चपलेनं घरी आली. दुसरी कुठं निघाली हे तिला समजलंच नव्हतं. आम्ही पोट धरधरून हसलो. तीही हसली, पण लगेच आत निघून गेली.

आणखी एक गोष्ट तिनं फक्त मला सांगितली होती. मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून विजेचा झटका थेट पायापर्यंत जायचा. आता आमच्यासारख्या घरात सुनेला मान खाली न घालता जगायचं म्हणजे कठीणच! सणावारी वडीलधाऱ्यांपुढं वाकून नमस्कार करायचा, तो तिनं सोडला. नुसते हात जोडून ताठ उभी राहायची. बायका बोलायच्या, "फार शिष्ट झालीये. भोपाळला जायचं नाहीये ना, म्हणून हे सगळे नखरे." त्या बायकांचा मला अजूनही राग येतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना नुसता धूर दिसतो.

पण खरं सांगायचं तर दुखणंच असं होतं की कुणालाही सोंग वाटावं. सकाळी उठून ती चुलीपाशी यायची तेव्हा बरी असायची. थोड्या वेळानं पाहावं तर भिंत धरधरून चालायची, गुडघे लटपटायचे, खाटेवर आडवी व्हायची. दुपारी पुन्हा उठून बसायची. संध्याकाळी देवळापर्यंत जाऊन यायची. मी शाळेतून आले की दारातच थांबून कान द्यायचे. एक पाऊल उचललेलं आणि एक घासत ओढलेलं, असा आवाज आला की मला दप्तरासकट उलट पावली निघून जावंसं वाटायचं.

घर आत्या चालवायची. बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा झालेली, आमच्याकडंच राहिलेली. तिला बाबा अक्का म्हणायचे आणि घाबरायचेही. वैद्यांनी "वात आहे" एवढंच सांगितलं होतं. पुढचं सगळं आत्यानं स्वतः ठरवलं. वाताला ऊब हवी, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळं आत्या उजाडायच्या आत उठून बंब पेटवायची, पाण्यात निर्गुडीचा पाला टाकायची, आईच्या पायांना तेल चोळायची आणि सोसवेल तितकं कढत पाणी घालायची. त्यावर विटेचा शेक. कुठलीही नणंद भावजयीचं इतकं करत नाही, असं सगळी गल्ली म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

दुपारी आई उठून बसली की आत्याच्या चेहऱ्यावर तेज यायचं. "बघा, शेकाचा गुण! सकाळी उभं राहवत नव्हतं, आता कशी एकदम ठीक आहे." शेकाच्या आधी आई उभीच होती, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. दुखणं वाढलं की आत्या सरपणाचं आणखी एक लाकूड सरकवायची.

नवं राज्य आणि दिवाळी त्या वर्षी एकाच आठवड्यात आली. नरकचतुर्दशीला वर्षाचं अभ्यंग आणि त्यातच वातावरचा इलाज, असे दोन्ही हेतू साधायचे म्हणून आत्यानं पाणी असं तापवलं की न्हाणीघरात समोरचं दिसत नव्हतं. मी बाहेर पणत्या लावत होते. आतून आईचा आवाज आला, "वन्सं, थांबा. मला दिसत नाहीये." आत्या म्हणाली, "वाफ आहे गं." मग तांब्या पडल्याचा आवाज झाला, आणि त्यामागून आई पडल्याचा.

आम्ही दोघींनी तिला ओढत बाहेर आणलं. डोळे उघडे होते पण ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या बाजूला कुठं तरी बघत होती. पाय ओल्या कपड्यासारखे जड लागत होते. बाबा सदऱ्याची बटणंही न लावता डॉक्टरांकडं धावले. मी देवापुढं बसले आणि देवाला चक्क धमकी दिली.

डॉक्टर पूर्वी संस्थानच्या फौजेत होते, आता म्हातारे झाले होते, पलीकडच्या रस्त्यावर राहायचे. ते आले तोवर चांगलं उजाडलं होतं आणि आई उठून बसली होती. इतकंच नाही, त्यांना फराळाचं द्या म्हणून मला खुणावत होती. आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्ता तर नुसती पडून होती हो! शपथ घेऊन सांगते."

"मी कुठं म्हणतोय की नव्हती?" डॉक्टर म्हणाले. त्यांनी छोट्या हातोडीनं गुडघे ठोकून पाहिले. किल्लीनं आईचा तळवा घासला, तसा तिच्या पायाचा अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला गेला. डॉक्टरांनी दोन्ही पायांवर ते पुन्हा केलं. मग विचारलं, "हे रोज होतं का? कुठल्या वेळेला?"

आत्यानं बाबांकडं पाहिलं, बाबांनी आत्याकडं. शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, "न्हाणीघरात मी आपल्या पायांनी जाते, डॉक्टरसाहेब. बाहेर येताना पाय माझे नसतात."

"मग हे आधी का नाही बोललीस?" बाबा जवळजवळ ओरडले.

"वन्सं माझ्यासाठी अंधारात उठतात. त्यांना कसं सांगू?"

हातोडी खाली ठेवून डॉक्टर म्हणाले, "बंब परत पेटवा."

आत्या नाही म्हणाली, बाबाही नाही म्हणाले. आई म्हणाली, "करू द्या. मी सोंग करत नाही, हे एकदा सगळ्यांना कळू द्या." न्हाणीघराचं दार अर्धवट लोटलेलं, आत नेसत्या लुगड्यानिशी पाटावर बसलेली आई, शेजारी तांब्या घेतलेली आत्या, बाहेर पाठ करून खुर्चीवर डॉक्टर. त्यांनी आईच्या हातात वर्तमानपत्र दिलं होतं. "मोठ्यानं वाचत राहा. बातमी कुठलीही चालेल."

आई वाचायला लागली. कुठल्याशा मंडईत गव्हाची आवक वाढल्याची हिंदी बातमी होती. ती स्पष्ट वाचत होती, शाळेतल्या मुलीसारखी. पाणी पडत होतं. थोड्या वेळानं तिचा वेग कमी झाला. मग एक शब्द तिनं दोनदा वाचला. मग नुसती सुरुवातीची अक्षरं. "पुढं?" डॉक्टर म्हणाले. "पुढं कागद कोरा आहे," आई म्हणाली. आत्यानं तांब्या खाली ठेवला.

"पाय उचलून दाखवा," डॉक्टर वळून म्हणाले.

"उचललाय ना," आई म्हणाली. पाय जागचा हलला नव्हता.

तिला पंख्याखाली निजवलं, कपाळावर आणि पायांवर गार पाण्याच्या घड्या ठेवल्या. तासाभरात तीच बातमी तिनं शेवटपर्यंत वाचून दाखवली. मग डॉक्टरांनी बाबांना समजावून सांगितलं, आणि मी खांबाआड उभी राहून ऐकलं. वात नाही, मज्जातंतूंचा रोग आहे. मेंदूपासून डोळ्यांना, पायांना जे तंतू जातात त्यांच्यावर एक स्निग्ध वेष्टण असतं. ते जागोजागी खराब होतं, तिथं वण पडतात. कधी सूज उतरली की काम पुन्हा चालू होतं, कधी नाही. नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. "हा थंड देशांतला रोग, असं किताबांत लिहिलंय. पण तुमच्या मिसेसनं किताब वाचलेली नाही, त्याला काय करणार."

बाबांनी ते आपल्या परीनं समजून घेतलं. त्यांच्या स्वतःच्या बदलीचा कागद त्या वेळी ग्वाल्हेर, इंदूर आणि भोपाळच्या मध्ये कुठं तरी अडकला होता. "म्हणजे वरून हुकूम निघतोय, पण खाली पोचत नाहीये."

"बराबर. रस्ता खराब झालाय. आणि अंग तापलं की त्या खराब रस्त्यावरून काहीच जात नाही. नुकसान कायमचं होत नाही, गार झालं की येतं परत. पण शेक एकदम बंद. उन्हात जाणं बंद."

"बरी होईल ना?"

डॉक्टरांनी हातोडी पिशवीत घातली. "चढउतार राहतील. कधी खूप दिवस ठीक राहील. पूर्ण बरी, असं मी नाही म्हणणार."

त्या वेष्टणावर शरीराचे स्वतःचेच रक्षक तुटून पडतात, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच वाटलं की आता सगळं मिटलं. आई खोटारडी नाही हे सिद्ध झालं! गल्लीतल्या बायकांची तोंडं बंद होणार म्हणून मी हरखले होते. किती मूर्ख असतो आपण त्या वयात.

कारण सोंग असतं तर बाबांनी तिला रागावून का होईना बरोबर नेलं असतं. आता खरं दुखणं निघालं होतं. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना बाबा ताटाकडं बघत म्हणाले, "मला असं लागतंय की मी एकटाच जावं. तिथं क्वार्टर नाहीत, एका खोलीत राहायचं, डॉक्टर कुठला मिळेल माहीत नाही. तू इथं अक्काजवळ राहा. तबियत ठीक झाली की बोलावतो."

मी आईकडं पाहिलं. तिनं वाढणं थांबवलं नाही. बाबांच्या पानात भात वाढला, वरण घातलं, आणि मग भिंतीला टेकून उभी राहिली.

"डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंय," ती म्हणाली. "पूर्ण ठीक मी व्हायची नाही. मग बोलावणार कधी?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय. तिथं पडलीस तर?"

"पाय जायचे असले तर ग्वाल्हेरातही जातील. तिथं पडले तर तुम्ही उचलाल. इथं पडले तर तुम्हाला नुसतं कळवतील."

बाबांनी हात धुतले आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. आत्या त्या बातमीच्या सकाळपासून आईसमोर यायचंच टाळत होती. ती स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून रडायला लागली. "माझ्याच हातांनी मी तुझे पाय घालवले गं."

"घालवले नाहीत, वन्सं. परत आले ना दरवेळी?" आई म्हणाली. "तुम्ही पण चला. एवढ्या मोठ्या भोपाळात मला मोरीपर्यंत कोण नेईल?" आत्याला रडता रडता हसू फुटलं. बाबा अंगणातूनच म्हणाले, "माळ्यावरच्या पेट्या काढायला कुणाला तरी बोलवा."

आम्ही चौघंही गेलो. तिथं आई दोन उन्हाळे बऱ्यापैकी चालली. आत्या तिला गार पाण्याच्या घड्या द्यायची आणि खिडकीला ओले पडदे लावायची. तिसऱ्या वर्षी एका रविवारी आई ओसरीवर कपडे वाळत घालताना पडली, आणि त्या वेळी पाय परत आले नाहीत. बाबा तेव्हा घरीच होते, त्यांनीच तिला उचललं. कुणाला कळवावं लागलं नाही.