दोन वाजताचे सूप

दुपारचे दोन वाजले की तो हातातले काम, मग ते कोणतेही असो, खाली ठेवायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि आपल्या खोलीचे दार लावून घ्यायचा. लंडनच्या इल्फर्ड भागातल्या आमच्या इमारतीचा तो केअरटेकर. इमारत साठीपुढच्या माणसांसाठी राखलेली. तो स्वतः पन्नाशीचा. पोलंड युरोपीय संघात आल्यानंतर आपल्या आसपास जे पोलिश चेहरे दिसू लागले, त्यांतलाच एक. तुमच्याही रस्त्यावर कोणी असेल.

एकदा दोन वाजून दहा मिनिटांनी लिफ्ट बंद पडली. मी त्याचे दार ठोठावले. फटीतून शेपूचा वास आला आणि मागोमाग उत्तर.

"लिफ्ट थांबेल, मिस्टर लॉयर. सूप नाही थांबत."

मी वकील नाही. एका सॉलिसिटरच्या कचेरीत तीस वर्षे कारकुनी केली; कलमे मात्र वकिलांपेक्षा मला अधिक पाठ. त्याच संध्याकाळी मी व्यवस्थापन कंपनीला तीन पानी पत्र लिहिले. ‘सदर कर्मचारी भोजनाच्या नावाखाली रोज पंचेचाळीस मिनिटे कर्तव्यापासून पळ काढतो’, हे त्यातले वाक्य मला फार आवडले होते, हे येथे नमूद करतो.

कंपनीचे उत्तर नेहमीप्रमाणे आले नाही. महिन्याभराने माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, म्हणून तो वर आला. मी सिंकपाशी उभा राहून पातेल्यातूनच वरणभात खात होतो. पत्नी जाऊन दोन वर्षे झाली होती. एका माणसासाठी ताट कशाला वाढून घ्यायचे?

त्याने पाना खाली ठेवला.

"उभ्याने? तुम्ही अमेरिकन आहात का?"

"भारतीय."

"मग बसा आधी."

मी बसलो. कोणी हुकूम केला आणि मी कलम न विचारता तो पाळला, असे फार वर्षांनी घडले.

शिकागोला मुलीकडे तो सहा वर्षे राहिला होता. "तिथलं अन्न वाईट नाही, भरपूर आहे," नळ खोलता खोलता तो म्हणाला. "प्रत्येक जण विचारतो, केवढं हवं? लहान, मोठं, की त्याहून मोठं? कुणासोबत, ते कुणीच विचारत नाही." मुलीचा नाश्ता गाडीत, दुपारचे जेवण कॉम्प्युटरसमोर आणि रात्रीचे फ्रिजचे दार उघडे धरून. रविवारी दोन वाजता हा सूप करून टेबल मांडायचा. ती पाचला यायची. "पपा, मी वाटेत खाल्लं." त्याने तिची नक्कल केली, पण हसला नाही.

"माझा मुलगा न्यू जर्सीत आहे," मी म्हणालो. त्याने नुसती मान हलवली. पुढचे सांगावे लागले नाही.

जाताना त्याने जेवायला बोलावले आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी त्याच्या खोलीत होतो. आधी सूप, मग बटाटे आणि दोन्हींच्या मध्ये कसलीही घाई नाही. माझ्यासाठी त्याने बिटाचे सूप वेगळे केले होते. उजवा हात वर करून म्हणाला, "हाड नाही, मांस नाही. शपथेवर सांगतो." पावाचा तुकडा खाली पडला, तर तो उचलून ओठांना लावायचा, आपल्याकडे अन्नाला पाय लागला की हात जोडतात, तसे. मी लिंबाचे लोणचे नेले. ते त्याने पावावर थापून खाल्ले आणि डोळे पुशीत विचारले, "हे जेवण आहे की शिक्षा?"

असा सबंध हिवाळा गेला. पत्राची कबुली द्यायची, असे ठरवून मी रोज खाली उतरत असे. रोज समोर सूप येई आणि तोंड खाण्यातच गुंते.

मग कंपनीचे उत्तर आले. ‘आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन’ केअरटेकरचे पद रद्द करण्यात येत होते. यापुढे रहिवाशांनी फोन करावा. मी संतापलो. तक्रार मागे घेणारी पाच पत्रे धाडली. एका ओळीत उत्तर: ज्या तक्रारीवर कारवाई झाली, ती मागे घेता येत नाही. त्यांच्या जागी मीही हेच लिहिले असते.

खाली जाऊन मी त्याला सगळे सांगितले. तो टेबलक्लॉथची घडी घालीत होता.

"माहीत आहे. ऑफिसनं तेव्हाच कॉपी दिली मला. काय इंग्लिश आहे तुमचं! दोनदा वाचलं."

"तेव्हाच? म्हणजे नळाच्या आधी?"

"आधी."

"मग मला जेवायला का बोलावलंत?"

सर्वांत सोपे कलम मी विसरलो असल्यासारखा तो माझ्याकडे पाहत राहिला.

"तुम्ही एकटे खात होता, मिस्टर लॉयर. मीपण."

शुक्रवारी तो गेला. ‘पोहोचल्यावर कळवा’ एवढेही माझ्या तोंडून निघाले नाही. माफी मागायची, तरी मला कागद लागतो.

आता ते पत्र लिहून झाले आहे. अर्धेच पान, इतके लहान पत्र मी आयुष्यात लिहिले नव्हते. पत्त्यासाठी कंपनीला कळवले. माजी कर्मचाऱ्याची खासगी माहिती देता येत नाही, असे उत्तर आले. मी तावातावाने कायदा काढून वाचला. पुन्हा वाचला. त्यांचे बरोबर आहे.