न दिसणाऱ्याचं वजन

सकाळी चहा ठेवला होता, तेवढ्यात घाटनांदूरहून सलीमच्या बायकोचा, भाभींचा फोन आला. "भाई, साहेब गेले..." गॅस बंद करायचंही मला सुचलं नाही, चहा उतू गेला. त्याला आता महिना होत आला. सलीम माझा शाळेपासूनचा मित्र. नोकरीभर पुण्यात खगोलशास्त्र केलं आणि निवृत्तीनंतर आजार सोबत घेऊन गावी परतला.

सूर्याच्या आसपास कृष्णद्रव्य, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं द्रव्य, किती दाट आहे हे त्याला काढायचं होतं. मी विज्ञानाचा मास्तर, तरी मला ते पटेना. "दिसत न्हाई ते मोजतो कसं बे?" तो हसला. "आब्बांच्या बाजारात आपण काय करायचो, सुऱ्या?" त्याचे वडील गुरांच्या बाजारात दलाल. सौदा रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा, भाव तोंडानं कुणी बोलायचं नाही. आम्ही बाजूला उभं राहून नुसती मनगटं आणि कोपरं बघत भाव ओळखायचो. तारे आकाशगंगेच्या चकतीतून असेच वर-खाली झुलत असतात, सलीम सांगायचा. ते किती ओढीनं माघारी येतात यावरून तिथलं सगळं वस्तुमान कळतं. त्यातून दिसणारे तारे आणि वायू वजा करायचे, उरेल ते आपलं कृष्णद्रव्य.

ते उरलेलं त्यानं काढलं. नाव झालं. अभिमान त्याच्यापेक्षा मलाच जास्त, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी तो आकडा सांगत सुटायचो. मग त्याच्या आजारपणात ताऱ्यांची नवी मोजमापं आली. चकतीच्या वरचे तारे आणि खालचे तारे एकमेकांशी जुळेनात. सलीमनं चकती शांत आहे असं गृहीत धरलं होतं, ती तर कशानं तरी हललेली निघाली. बाजारात आम्ही हीच चूक करायचो... दलालानं खाज सुटली म्हणून हात हलवला, तरी आम्ही भाव वाढला म्हणायचो!

आपलं उत्तर भरवशाचं नाही, हे छापून सांगायचं त्यानं ठरवलं. मी चिडलो. "कावून? कोण इचारतंय तुला आता? ऱ्हाऊ दे की."

"लोक त्याच्यावर पुढचं गणित मांडतेत, सुऱ्या. मी गेल्यावर त्यांनी चुकत बसायचं का?"

मला फार वाईट वाटलं. आयुष्यभरात कमावलेली एकच गोष्ट, तीही हा माणूस परत करायला निघाला होता. आणि त्यानं ती केलीच.

परवा घाटनांदूरला जाऊन आलो. त्याच्या खोलीतला फळा तसाच होता. गणित ओळीनं खाली उतरत आलेलं, शेवटी बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढं खडूचा पुसट डाग. आकडा मला पाठ आहे. नकळत मी खडू उचलला.

दारातून भाभी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, भाई. त्यांनीच पुसलाय तो. पुसून भाईर आले, आन् लई दिवसांनी पोटभर जेवले."