समोरची भिंत

हे गेले त्या दिवशी मंगळवार होता.

पुढे मुलाने घराचं काम काढलं आणि आराखड्यासाठी एक आर्किटेक्ट मुलगी आली. कागदावर रेघ ओढण्याआधी ती घरातली माणसं जिथे बसतात तिथे स्वतः बसून पाहते. चहाचा कप घेऊन ती आधी माझ्या खुर्चीत बसली.

"काकू, खिडकीतून अख्खं जांभळाचं झाड दिसतंय की!"

मग ती समोरच्या, यांच्या खुर्चीत बसली. खिडकी तिच्या पाठीमागे गेली.

"काका काय भिंत वाचायचे?" ती हसली.

"त्यांना तीच जागा आवडायची," मी म्हणाले आणि म्हणतानाच ओशाळले. त्या झाडाचं कौतुक मी त्यांना रोज ऐकवायचे आणि ते मान हलवायचे. ती खुर्ची मी इतकी वर्षं पुसली, पण तिच्यात कधी बसले नाही. एका घरात आयुष्य काढूनही आपल्या माणसाला समोर काय दिसतं, हे विचारायचं राहून जातं.

"त्या भिंतीला खिडकी कर," मी म्हणाले.

"पण काकू, आता तिथे बसणार कोण?"

खिडकी झाली. यांच्या खुर्चीतून आता शेजारची गच्ची आणि थोडं आभाळ दिसतं. खुर्ची रिकामी आहे.